सुपडूनानांचं ताट

गावातल्या मेलेल्या माणसांना आखाजीला जेवायचं असलं, की ती सुपडूनानांच्या तोंडाने जेवत. तीस वर्षं ही व्यवस्था बिनतक्रार चालली होती.

वैशाखातल्या त्या दिवशी, अक्षय्य तृतीयेला, घरोघर मातीची नवी घागर पाण्याने भरून मांडायची. तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवायच्या. चुलीतल्या निखाऱ्यावर तूप-घास सोडायचा आणि गेलेल्या माणसाच्या नावाने घराबाहेरचा कुणीतरी पाटावर बसवून त्याला पोटभर वाढायचं. तेवढ्या वेळापुरता तो माणूस म्हणजे त्या घरचा पितर. पितर बसायला फार मोठी पात्रता लागत नाही. माणूस जिवंत असावा आणि त्याला भूक असावी, एवढ्यावर भागतं. पण नानांनी या कामाला एक दर्जा आणून ठेवला होता.

सुरुवात झाली ती झुलाल पाटलाच्या घरून. झुलाल गेला त्या वर्षी त्याच्या बायकोने, मंदाबाईने, नानांना पाटावर बसवलं. नानांनी पहिला घास मोडला आणि तो तोंडात घालायच्या आधीच हात पुढे करून म्हणाले, "मीठ." झुलालची चाळीस वर्षांची खोड ती. चव बघायच्या आधी मीठ मागायचं. मंदाबाई चुलीपुढून सवयीने ओरडली, की आधी चाखून तर बघा. आणि मग तिचं तिलाच कळलं, आणि ती तोंडात पदर घालून भिंतीला टेकून बसली. त्या वर्षी गावात बातमी पसरली, की झुलाल येऊन जेवून गेला.

पुढे नाना कुणाकुणाचं खाणं डोक्यात साठवत गेले. तोतारामचा बाप कांदा बुक्कीने फोडायचा आणि बुक्की चाटायचा. हिलालचा बाप आधी पेलाभर आमरस घटाघट पिऊन मग जाहीर करायचा, की रस पातळ झाला. शाळेचे जुने मास्तर पुरणपोळ्या मोठ्याने मोजत आणि दरवेळी एक कमी सांगत. नाना हे सगळं जिथल्या तिथे, ज्याच्या त्याच्या घरी करत. बायका त्यांच्याशी वर्षभराचं भांडण भांडून घेत. पोरगा ऐकत नाही, मागची भिंत पडली, म्हैस आटली. नाना त्या त्या माणसासारखं "हूं" म्हणत. दुपारपर्यंत नऊ-दहा घरं होत. प्रत्येक घरी दोनच घास, पण ते बरोबर दोन घास. मग घरी येऊन ते धोतर सैल करून खाटेवर आडवे होत आणि बायकोला, कुंदाबाईला, सांगत की पोट फुटायला आलं आहे. घरात केलेलं तसंच झाकलेलं राही.

असा माणूस माघात मेला, आणि तोही जेवणावरून उठून.

केळीची कापणी चालली होती. ट्रक दुपारी तीनला यायचा, तो साडेबारालाच बांधाशी येऊन उभा राहिला आणि ड्रायव्हरने भोंगा लावून धरला. नाना नुकतेच भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसले होते. पुतण्याने, भटूने, बागेतूनच हाक मारली, "नाना, मंग जेवज्यात. गाडी उभी शे."

नाना उठले. उरलेली भाकर फडक्यात गुंडाळली, हात धोतराला पुसले, खांद्यावर वाळक्या पानांची चुंबळ घेऊन घड उचलला आणि आठ-दहा पावलं गेले. मग घड खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला. एकाही केळाला डाग लागला नाही, हे ड्रायव्हर पुढे महिनाभर चहाच्या टपरीवर सांगत होता. घड ठेवून नाना त्याच्याशेजारी बसले, ते बसलेच. चोपड्याच्या डॉक्टरने "हृदय" एवढा एकच शब्द उच्चारला. गावाला तो पुरला नाही.

ट्रक मात्र भरून गेला. नाना बांधावर आडवे, भोवती माणसं गोळा झालेली, आणि ड्रायव्हरने भटूला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, की उरलेल्या घडांचं काय करायचं. भटू म्हणाला, "भरा." तो शब्द कुणाकुणाच्या कानावर गेला ते भटूला नंतर गावातल्या चेहऱ्यांवरून मोजता आलं.

भटू नानांच्याच हाताखाली वाढलेला. त्याचा बाप लवकर गेला, आई त्याच्याही आधी. नानांना मूलबाळ नव्हतं. नाना आणि मोठी माय म्हणजे कुंदाबाई, एवढंच त्याचं घर. आता तो तिशीचा, बायको पुष्पा, एक मुलगी. मोठ्या मायने त्याला त्या दिवसाबद्दल एकदाच विचारलं. दहावा झाल्यावर, गुरांना वैरण टाकता टाकता.

"त्यासनी कितली खाधी व्हती?"

"अर्धी," भटू म्हणाला.

तिने मान हलवली, पेंढी सोडली. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. भटूला वाटे, तिने एकदा तरी शिव्या द्याव्यात, चुलीतलं लाकूड फेकून मारावं. ती फक्त जेवणावर हात आखडत गेली. माघात अर्धी भाकर, फाल्गुनात चतकोर. चैत्रात पऱ्हाट्या, कपाशीची वाळकी झाडं, उपटायला बायका लावल्या, त्यांच्याबरोबर तीही चिमटा घेऊन उभी राहिली. तिसऱ्या ओळीला तिने चिमटा बुडाशी लावला, जोर केला, आणि पऱ्हाटी उपटायच्या ऐवजी तीच खाली बसली. बायका हसल्या. ती पण हसली. दुसऱ्यांदा बसली तेव्हा कुणी हसलं नाही. पुष्पाने तिला आडवं केलं, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा मनगटाचं हाड हाताला असं लागलं, की तिने दचकून हात सोडला.

डॉक्टरने रक्त कमी आहे म्हणून औषधाची लाल बाटली दिली. ती फळीवर राहिली आणि तिला मुंग्या लागल्या. मुंग्यांचं रक्त वाढलं असेल. मोठ्या मायचं एकच ठरलेलं होतं.

"आखाजीले त्यासले जेवू द्या. मंग मी जेवसू."

हे ऐकून भटूला आधी हायसं वाटलं. तारीख ठरली म्हणजे काम ठरलं. एक माणूस पाटावर बसवायचा, त्याला जेवू घालायचं, म्हणजे मोठी माय जेवेल. आखाजी तीन आठवड्यांवर होती. भटू निघाला.

पहिला अर्थातच तोताराम. नानांच्या जोडीचा. नानांच्या बापाचा पितर म्हणून वीस वर्षं तोच त्यांच्या घरी बसत आलेला. पाट ओळखीचा, स्वयंपाक ओळखीचा. भटू गेला तेव्हा तोताराम लिंबाखाली अंबाडीचा दोर वळत होता. भटूचं बोलणं त्याने दोर न थांबवता ऐकलं, दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात धरलं, आणि म्हणाला, की एका जागी बसायला त्याची ना नाही.

"पन नानानी जागा ही एक जागा नही ना, भटू. तेनामांगे साऱ्या गावनी लाईन उभी शे. एकदाव चार्ज लिधा म्हंजे बठ्ठा लेना पडी."

भटूने सांगितलं, की एकच ताट आहे, एकच दुपार आहे. तोतारामला ते पटलं नाही. गेल्या साली तलाठी रजेवर गेला, तेव्हा शेजारच्या तलाठ्याने फक्त एका उताऱ्यावर सही केली होती, तर आजतागायत दोन्ही गावं त्याच्याच गळ्यात आहेत, असा दाखला त्याने दिला. मेलेल्या लोकांचं तर आणखी अवघड, त्यांची बदली होत नाही. एकदा का त्यांनी पाहिलं, की नानांच्या पाटावर तोताराम बसला आहे, की पुढल्या सालापासून सगळे त्याच्याकडे बघणार. आणि नाना तर अर्ध्या भाकरीवरून उठलेले. अशा माणसाच्या पाटावर बसायचं म्हणजे ती भाकर पुरी करायची, आणि ती पुरी करता करता माणूस कुठे जाईल याचा काय भरवसा.

दोर वळून झाला. तोतारामने तो ताणून बघितला आणि भटूला चहा विचारला.

उखर्डूआबांनी नकार दिला नाही, कागद दाखवला. साखरेचा आजार. डॉक्टरांचं लिखाण त्यांनी रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. पुरण नाही, रस नाही, सांजोरी नाही, खीर नाही. मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकर असेल तर ते आनंदाने सुपडू होतील म्हणाले. भटूने विचार केला, की आखाजीच्या दिवशी नानांना मेथीची भाजी खाऊ घालायची तर त्यांनी मरायचं तरी कशाला.

आणि हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, की पितर शोधत फिरणारा तो एकटा नाही. नाना गेल्यामुळे गावच्या साऱ्याच मेलेल्यांची आबाळ झाली होती. एके दिवशी मंदाबाई घरी आली. मोठ्या मायच्या गळ्यात पडून रडली. तासभर रडली. बोलता बोलता कळलं, की ती नानांसाठी रडत नव्हती. ती झुलालसाठी रडत होती. "आते त्यासले कोन जेवाडी?" असं ती मोठ्या मायला विचारत होती, जणू नानांनी मरताना चावी कुठे ठेवली ते हिला माहीत असणार. मोठी माय तिची पाठ थोपटत बसली. ती गेल्यावर पुष्पाला म्हणाली, की गावातल्या निम्म्या बायकांनी आपल्या नवऱ्याशी वर्षातून एकदा बोलून घेतलं, तेव्हा समोर माझा नवरा होता.

शेवटी हिलाल मिळाला. हिलाल ग्रामपंचायतीचा मेंबर, चाळिशीचा, कडक पांढरा शर्ट, मोटारसायकल. पंचायतीची निवडणूक दिवाळीनंतर होती, त्यामुळे त्याला कुणालाच नाही म्हणता येत नव्हतं, मेलेल्यांना तर मुळीच नाही. मेलेल्यांच्या मागे जिवंत मतदार असतात. सात घरं त्याने आधीच घेतली होती. खिशातली डायरी काढून त्याने लिहिलं: 'सुपडूनाना, दुपारी दोन ते सव्वादोन.' भटूला ते वाचून दाखवलं. भटूने हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

खरं तर एक माणूस मनापासून बसायला तयार होता. मदनलाल. त्याचं किराणा दुकान चौकात, तीन पिढ्यांचं. नाना रोज संध्याकाळी त्याच्या पोत्यांवर बसून पावशेर गप्पा मारत. मदनलालने भटूला आत बोलावून सांगितलं, की मी बसतो. त्याच्या आईने, धनकुंवरबाईने, आतून नुसतं खाकरून नापसंती कळवली. पण अडचण तिकडून नव्हती. भाऊबंदांनी भटूला विचारलं, की आपला माणूस आता वाण्याच्या तोंडाने जेवणार का. शिवाय मदनलालला कांदा चालत नाही. म्हणजे नानांना वर्षभर कांद्यावाचून काढायचं. भटूने सामानाची यादी पुढे केली, तेव्हा मदनलालने स्वतःच्या हाताने गूळ फोडून दिला, आणि फोडताना दोनदा बोटावर घाव बसला.

आखाजी आठ दिवसांवर आली. उन्हाचा तडाखा असा, की केळीची पानं दुपारी मधोमध मिटून उभी राहत. भटू आणि पुना, दोघं दिवसभर फावडं घेऊन दांडाचं पाणी वाफ्यावाफ्यात फिरवत. पुना म्हणजे घरचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, सातपुड्यातला पावरा आदिवासी, अकरा सालं याच घरी. संध्याकाळी भटू घरी आला तेव्हा पुष्पा सांजोऱ्यांसाठी रवा चाळत होती. तिने मोठ्या मायला सहज विचारलं, की बाकीचं काय काय करायचं, नानांना काय आवडायचं.

मोठी माय जात्याशी बसली होती. ती दळत राहिली. पुष्पाला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिने पुन्हा विचारलं.

"माले मालूम नही," मोठी माय म्हणाली.

चाळणी थांबली. मोठी माय खुंट्याला धरून खाली बघत होती, चोरी सापडलेल्या माणसासारखी. मग तिनेच हळूहळू सांगितलं. अडतीस वर्षं झाली. जे ताटात पडलं ते त्यांनी खाल्लं. मीठ कमी म्हटलं नाही, जास्त म्हटलं नाही. भाकर करपली तर करपलेली खाल्ली. ताट असं पुसून ठेवत, की मागून तिने बसावं तर त्यावरून काही कळू नये. सुरुवातीला तिने दोन-चारदा विचारलं होतं. ते म्हणत, तू जे करशील ते. मग तिने विचारणं सोडलं. आखाजीला तर ते गेल्या तीस वर्षांत घरी जेवलेच नाहीत.

"साऱ्या गावनं त्यासले मालूम व्हतं," ती म्हणाली. "त्यासनं कोन्हाले नही."

भटूला तेव्हा कळलं, की ती इतके दिवस उपाशी का राहत होती. भूक गेली नव्हती. आखाजीला पितर पाटावर बसला, आणि ताटात भलतंच वाढलं गेलं, तर ते पुन्हा अर्ध्यावरून उठतील, हे भय तिच्या पोटात बसलं होतं.

मग भटू दुसऱ्यांदा गावात निघाला. या वेळी माणूस मागायला नाही, माणसाची एक आवड मागायला. हे जास्त सोपं असेल असं त्याला वाटलं होतं. मदनलालने लगेच सांगितलं: नाना तळहातावर शेव घेत, मान मागे टाकत आणि वरून तोंडात सोडत. भटू खुशीत निघाला तो मारुतीच्या पारापर्यंत. पारावर रतिलाल बसला होता. तो म्हणाला, ही तर माझ्या आजोबांची पद्धत. नाना दरसाल आखाजीच्या आधी तिची तालीम करत. तोताराम म्हणाला, नाना ताक आधी पीत. ते निघालं जुन्या पोलिसपाटलाचं. उखर्डूआबांना आठवलं, की नाना भाकरीची कड काढून बाजूला ठेवत आणि शेवटी खात. ते त्यांनी चार माणसांना विचारून खात्री करून सांगितलं, आणि चौथ्याने सांगितलं की ती कड मास्तरांची. जो उठे तो नानांबद्दल काहीतरी सांगे, आणि ते सोलून बघावं तर आतून दुसराच कुणीतरी मेलेला निघे.

उरला पुना. अकरा वर्षं दुपारची भाकर त्याने नानांबरोबर बांधावर खाल्लेली. आखाजीला साल संपतं, सालदार मोकळे होतात. पुना आदल्या दिवशी सकाळी गाठोडं बांधून डोंगरात जायला निघाला होता. पुढल्या साली येणार नव्हता, मालकच राहिला नाही म्हणाला. भटूने त्याला बैलांच्या गव्हाणीशी गाठलं आणि विचारलं.

पुना गोंधळला. "मालक जेवे ते मी कसा दखू? मी पाठ करीसन बठू."

मालकाच्या तोंडाकडे बघत सालदाराने जेवायचं नसतं. दांडाच्या अलीकडे नाना, पलीकडे पुना, पाठीला पाठ. अकरा सालं. भटूने तरीही विचारलं, की काही ऐकू तर येत असेल. पुनाने आठवून बघितलं. हो, नाना बोलत. कधी मीठ मागत, कधी म्हणत रस पातळ झाला. रस नसतानाही. पहिल्या साली पुना मीठ घेऊन उठला होता, तर नाना म्हणाले, तुला नाही रे, तू जेव.

एवढं सांगून पुनाने गाठोडं डोक्यावर घेतलं. जाण्याआधी मोठ्या मायच्या पाया पडला. तिने त्याच्या हातावर चार सांजोऱ्या ठेवल्या. पितराच्या आधी कुणाला द्यायच्या नसतात, पण तिने दिल्या.

आखाजी उजाडली. गल्लीतल्या लिंबांना झोके बांधले गेले, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत झोके घेऊ लागल्या, पारावर पत्त्यांचे डाव पडले. या दिवशी पत्ते खेळायला हरकत नसते, त्यामुळे एरवी चोरून खेळणारे आज कंटाळून खेळत होते. मोठी माय पहाटेपासून चुलीपुढे होती. घागर तिने स्वतः भरून आणली. पुष्पा घ्यायला गेली तर तिने कोपराने तिला बाजूला सारलं.

काय आवडे ते माहीत नव्हतं, म्हणून तिने सगळंच केलं. पुरणपोळी, आमरस, गव्हाची खीर, कटाची रशी, भजी, कुरडया, उडदाचे वडे, वांग्याचं भरीत, कढी. बाजरीची भाकर केली, ज्वारीची केली, ज्वारी-उडदाच्या कळण्याचीही केली. कुणास ठाऊक. एका ताटात मावेना म्हणून शेजारी दुसरं ताट मांडलं. मंदाबाई आणि आणखी चार-पाच बायका येऊन ओट्यावर बसल्या. म्हणायला मोठ्या मायला सोबत म्हणून, पण खरं तर बघायला. आपल्या घरी आज कुणी नीट जेवलं नव्हतं. इथे काय होतं ते तरी बघू.

दोन वाजले. सव्वादोन झाले. रसावर साय धरली. पावणेतीनला मोटारसायकल वाजली आणि हिलाल आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, पट्टा दोन भोकं सैल केलेला. सात घरची पुरणपोळी त्याच्या चालण्यात दिसत होती. पाटावर बसताना त्याने ती दोन ताटं बघितली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते भाषण करणाऱ्या माणसाला लपवता येतं तेवढंच त्याने लपवलं.

पण हिलाल माणूस वाईट नव्हता. त्याने डोळे मिटून हात जोडले, घागरीला पाणी सोडलं आणि घास मोडला. समोर मोठी माय, दाराशी भटू, बाहेर बायका. सगळे त्याच्या हाताकडे बघत होते. काहीतरी करणं भाग होतं. नाना कसे करत ते त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "मीठ."

ओट्यावर मंदाबाईने श्वास घेतला.

मोठी माय हळू आवाजात म्हणाली, "हाई झुलालभाऊनं."

हिलालने हात मागे घेतला. तांबडा झाला. इकडेतिकडे बघितलं, ताटाच्या कडेचा कांदा उचलला, जमिनीवर ठेवला आणि बुक्की मारली. कांद्याचा एक तुकडा घागरीपर्यंत गेला.

"हाई तोतारामभाऊना बापनं," मोठी माय म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती त्याला मदत करत होती. हे नाही, दुसरं बघ, असं.

भटूला वाटलं, त्याला म्हणावं, गप नुसतं खा. हिलालने घाम पुसला. मग त्याने रसाचा पेला उचलला, तोंडाला लावला आणि घटाघट प्यायला सुरुवात केली. अर्धा पेला झाला असेल.

"हाई तुन्हा बापनं, हिलाल."

हिलाल थांबला. पेला ओठालाच होता. रसाचा एक ओघळ हनुवटीवरून शर्टावर गेला. तो पेल्याच्या आत बघत बसला. सकाळपासून तो सात घरी पितर बसला होता. त्याच्या स्वतःच्या घरी, भिंतीशी मांडलेल्या घागरीपुढे, त्याच्या बापाचं ताट तसंच झाकून ठेवलेलं होतं. तिथे बसायला कुणी मिळालं नव्हतं. नानांच्या जागी बसायला जो निघाला होता तो इकडे होता.

त्याने पेला खाली ठेवला. "काकू, माले जावं लागी," म्हणाला. हात धुवायलाही थांबला नाही. बायकांनी पाय आखडून वाट दिली. मोटारसायकल दोनदा लाथ मारून चालू झाली नाही, तेव्हा तो ती ढकलतच गेला, घराच्या दिशेने.

एकेक करून बायकाही उठल्या. मंदाबाईने जाताना मोठ्या मायच्या खांद्यावर हात ठेवला.

घरात तिघं उरली. ताटांवर माशा बसायला लागल्या. पुष्पा पदराने वारा घालू लागली. भटू पुढे झाला, पाटाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, की झालं तेवढं झालं, मोठी माय, आता तू जेव. त्याच्या आवाजात अशी काकुळती होती, की ती ऐकून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

मोठी माय ताटांकडे बघत होती. नऊ पदार्थ, तीन तऱ्हेच्या भाकरी, एक मोडलेला घास.

"भटू, मन्ही घागर भरशी तवय काय रांधशी?"

भटू म्हणाला, असं बोलू नये.

"सांग ना. माले काय आवडस?"

तिशी आली होती भटूची, या बाईच्या हातचं खात. ती चुलीपुढे बसलेली त्याला दिसत होती, वाढणारा हात दिसत होता, सगळ्यांचं झाल्यावर तव्याशी पाठमोरी बसलेली दिसत होती. ती तिथे काय खात होती ते दिसत नव्हतं. जे उरलं असेल ते. त्याने पुष्पाकडे बघितलं. पुष्पा चुलीकडे बघू लागली.

मग मोठ्या मायने स्वतःच विचार करायला सुरुवात केली. कपाळाला आठी घालून, हरवलेली वस्तू कुठे ठेवली ते आठवावं तसं. बराच वेळ ती आठवत होती. बाहेर झोक्यावरच्या पोरींचं एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं.

"माले बी मालूम नही," ती म्हणाली.

तिने हात पुढे केला. भटूला वाटलं, आता ती जेवणार. तिने खिरीत एक बोट बुडवून जिभेला लावलं, थांबली, मग रशीत बुडवलं, मग भरताचा कण घेतला, मग रस. एकेक करून सगळं चाखत गेली, प्रत्येक वेळी थोडं थांबून, भटूच्या तोंडाकडे बघत, जणू त्याने सांगावं. शेवटच्या वाटीपर्यंत गेली. मग तिने पदराला बोट पुसलं आणि पुष्पाला म्हणाली, की ही ताटं गायीपुढे ठेव, तिला तरी काहीतरी आवडेल.